बंदराने घेतलेली माणसं

बर्फाच्या कारखान्याच्या डोक्यावर एक खोली आहे. खाली दिवसभर बर्फ फोडायचं यंत्र दात खात असतं आणि वर त्या खोलीत वहिनी वायरलेसपाशी बसलेल्या असतात. बंदरातलं लहानथोर त्यांना वहिनीच म्हणतं. खरं तर त्या वहिनी एकाच माणसाच्या, कप्तान असलेल्या धाकट्या दिराच्या. पण त्याने एकदा वायरलेसवर सगळ्यांच्या कानांदेखत "वहिनी, ऐकताय ना?" म्हटलं, आणि तेव्हापासून साठी उलटलेले कप्तानसुद्धा त्यांना वहिनी म्हणू लागले. त्यांनी आधी नाक मुरडलं, मग सवय झाली. एवढे दीर एका बाईला कुठल्या लग्नात मिळणार?

नवरा खाली त्याच कारखान्यात. यंत्राच्या आवाजाने त्याचे कान कधीच कामातून गेलेत. समुद्रावरच्या माणसाच्या नुसत्या खोकल्यावरून तो ओला आहे की कोरडा हे ओळखणारी ही बाई घरी आली की मीठ मागायला तीनदा ओरडते. आणि दुसरी गंमत म्हणजे वहिनी आयुष्यात बोटीवर चढलेल्या नाहीत. धक्क्याला बांधलेल्या, जागच्या जागी हलणाऱ्या बोटीकडे नुसतं पाहिलं तरी त्यांच्या पोटात कालवतं. खिडकीतून लिलावाच्या शेडचं छप्पर दिसतं आणि त्याच्यावर चार बोटं समुद्र. तेवढा त्यांना पुरतो.

त्यांचं खरं काम म्हणजे हजेरी. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा त्या एकेका कप्तानाला हाक मारतात. कप्तान सांगतो, "सात माणसं, सगळी धड." त्या म्हणतात, "सात माणसं बंदराने घेतली." झालं. ऐकणाऱ्याला वाटेल, पोरखेळ आहे. पण या शब्दांमागे एक बोट बुडालेली आहे. फार मागे, वादळात एक बोट हरवली. या बंदराला वाटलं ती शेजारच्या बंदरात शिरली, शेजारच्याला वाटलं ती इथे परतली. दोन्हीकडची माणसं निवांत झोपली आणि शोधायला कुणी गेलंच नाही. त्यानंतर हे शब्द आले. एकदा 'घेतली' म्हटलं की ती माणसं धक्क्यावर उतरेपर्यंत बंदराच्या डोक्यावर. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायचं नाही.

तर त्या दिवशी सकाळी धाकट्या दिराला एक रबरी नाव सापडली. अर्धी हवा गेलेली, इंजिन बंद, आणि कडेला लोंबकळणारी माणसं. त्याने ती एकेक करून वर घेतली. बोटीवरची सात सोडून एकोणीस भरली. पलीकडच्या किनाऱ्यावरून पळालेली होती. तिथे काय चाललंय हे वर्तमानपत्र न वाचणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्याने बचाव केंद्राला कळवलं आणि इंजिन मंद ठेवून वाट बघत राहिला.

आता तो जिथे होता ते पाणी मोठं नामी. तिथे दोन देशांच्या हद्दी एकीवर एक चढल्यात, शिवणीत दोन कापडांच्या कडा चढाव्यात तशा. मासे सापडले की ते पाणी दोघांचंही असतं. त्यावरून नकाशे निघतात, वकील निघतात. माणसं सापडली की मात्र ते दोघांपैकी कुणाचंच नसतं. त्यात समुद्राचा कायदा एक, सरहद्दीचा दुसरा, निर्वासितांचा तिसरा, आणि किनाऱ्यावरच्या सगळ्या देशांनी मिळून काढलेली परिषद ती चौथी. चार सासवांच्या घरात चूल कुणी पेटवायची? आपल्या बचाव केंद्राने सांगितलं, पलीकडच्या केंद्राला विचारा. पलीकडचं म्हणालं, बोट तुमची. परराष्ट्र खातं म्हणालं, माणसं अजून आलीच नाहीत, तर आम्ही काय बोलणार? परिषदेतल्या माणसाने फार अदबीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की परिषदेला फार चिंता वाटते.

वहिनी हे सगळं वायरलेसवर ऐकत होत्या. दिराच्या आवाजामागे कुणीतरी खोकत होतं. ओला, खोलवरचा खोकला.

"कोण हो ते, भावोजी?"

"एक म्हातारेबुवा आहेत. लेक आहे सोबत. अंगावर माझा कोट घातलाय, पण थरथर थांबत नाही. वहिनी, पलीकडचं केंद्र हात झटकतंय, पण त्यांची गस्ती नौका निघालीय म्हणे. यांना परत न्यायला."

"परत कुठे?"

"जिथून पळाले तिथेच की. ही लेक नौकेचं नाव काढलं तरी डोकं हलवते, नाही नाही म्हणून. भाषा कळत नाही, पण एवढं कळायला भाषा कशाला लागते?"

वहिनी वायरलेसवाल्या. इकडचं तिकडे सांगणाऱ्या. त्यांना कुणी काही ठरवायला बसवलेलं नव्हतं.

मग दुपारच्या हजेरीची वेळ झाली. वहिनींनी हाका मारायला सुरुवात केली. लंगड्या काकांची पाच माणसं, घेतली. जुळ्या भावांची नऊ, घेतली. मन त्या खोकल्यापाशी होतं आणि तोंड सवयीने चाललं होतं. दिराची पाळी आली.

"सव्वीस माणसं," दीर म्हणाला. त्याचंही तोंड सवयीनेच चाललं असणार. आपल्या धंद्यात बोटीवर जो आहे तो माणूस, आणि माणूस आहे तो हजेरीत. खलाशी कोण आणि पाहुणा कोण, असा हिशेब या लोकांना कुणी शिकवलेलाच नाही.

"सव्वीस माणसं बंदराने घेतली," वहिनी म्हणाल्या.

म्हणाल्या आणि जीभ चावली. पण वायरलेसवरचा शब्द म्हणजे सांडलेलं दूध. सगळ्या बोटी ऐकत होत्या, दोन्ही बचाव केंद्रं ऐकत होती, गस्ती नौका ऐकत होती. नुसती खरखर आली. मग लंगड्या काकांचा घोगरा आवाज आला, "ऐकलं." पाठोपाठ जुळ्या भावांपैकी एक म्हणाला, "ऐकलं." मग तिसरी बोट, चौथी, पाचवी. हजेरीत असं बोलायची रीत नव्हती. कुणी ठरवलंही नव्हतं. आपण काय करून बसलोय हे वहिनींना पुरतं कळलं नव्हतं, पण ते मोठं आहे एवढं कळलं.

बंदराचा कारभार बघणारे बंदरसाहेब दोन दोन पायऱ्या एकदम चढत आले. भला माणूस, पण वरिष्ठांचा फोन आला की उभा राहून बोलणारा.

"बाई, काय बोललात हे तुम्ही!"

"हजेरी घेतली, साहेब."

"सातांची घ्यायची! सव्वीसांची कुणी सांगितली?"

"भावोजी सव्वीस म्हणाले."

"ते शंभर म्हणतील! तुम्ही 'बंदराने घेतली' म्हणालात. बंदर म्हणजे सरकार, बाई! सरकारच्या वतीने तुम्ही एकोणीस परकी माणसं पदरात घेतलीत. मंत्र्याला एवढं एक वाक्य बोलायचं तर आधी वर्षभर बैठका होतात!"

नोकरी गेली, असंच वाटलं वहिनींना. नवऱ्याला ही गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे सगळ्या गल्लीला कळणार, हेही वाटून गेलं.

तेवढ्यात वायरलेसवर गस्ती नौकेचा कप्तान बोलला. मोडकंतोडकं, पण स्वच्छ. "बंदर, तुम्ही माणसं घेतल्याचं ऐकलं. मला ती न्यायचा हुकूम आहे. पण तुम्ही घेतलेली माणसं मी उचलली तर उद्या माझ्यावर येईल. तुम्ही सोडली असं सांगा. तोपर्यंत मी हात लावत नाही."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "बघा, सुटलो! सोडली म्हणा, बाई. एक शब्द. झालं गेलं गंगेला मिळालं."

वहिनींनी माइक उचलला. बटणावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"काय म्हणू?"

"सोडली म्हणा. परत केली म्हणा. काहीही म्हणा!"

"असं म्हणत नाहीत, साहेब."

"कोण म्हणत नाही?"

"कुणीच नाही. घ्यायचे शब्द आहेत. सोडायचे शब्दच नाहीत आपल्याकडे. माणूस धक्क्यावर उतरला की हजेरी संपते. मध्येच संपवायची कशी, ते मला येत नाही."

वहिनी हे बाणेदारपणे, मान ताठ करून वगैरे बोलल्या असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. त्यांचा आवाज कापत होता. त्यांना खरोखरच ते शब्द ठाऊक नव्हते. इतकी वर्षं माणसं घेतली, एकही परत दिलं नव्हतं. आणि न केलेली गोष्ट पहिल्यांदा करायची ती त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्यापासून? ते त्यांच्या जिभेवर येईना.

साहेबांना ते पटलं नाही, पण सरकारी माणूस शब्दाशिवाय पांगळा असतो. बरोबर शब्द कोणता, हे विचारायला त्यांनी फोन उचलला. आणि इथून जे सुरू झालं ते बघून वहिनी थक्क झाल्या. सकाळी ज्या चार सासवा एकमेकींवर ढकलत होत्या, त्याच आता एकमेकींना विचारल्याशिवाय हलेनात. बचाव केंद्र म्हणालं, घेतलेली माणसं सोडायची तर दुसऱ्या कुणी ती आधी घ्यायला हवीत, आणि तेही सुरक्षित जागी. परराष्ट्र खातं म्हणालं, बंदराने घेतली म्हणजे ती आश्रय मागू शकतात, आणि मागितला तर ऐकल्याशिवाय परत पाठवता येत नाही. त्यासाठी निर्वासितांच्या संस्थेला विचारा. परिषद म्हणाली, दोन देशांत असा प्रसंग आला तर दोघांनी बसून मसुदा करावा. सकाळी ज्या फटीतून ती माणसं खाली पडत होती, तीच फट आता एवढी आवळली गेली की त्यातून कुणाला त्यांना ओढून काढता येईना.

दुसरा फोन वाजला. निर्वासितांच्या संस्थेतल्या बाई होत्या, लांबच्या कुठल्यातरी शहरातून. पाठीमागे कुणीतरी कपबश्या विसळत असावं.

"हजेरी घेणाऱ्या तुम्हीच का?"

"हो. चुकून बोलले हो मी."

"बोललात ते बरं झालं. आता घाईने काही बोलू नका."

"आमचे साहेब सोडा म्हणतात. सोडली तर?"

"सोडून देणार कुठे? ज्या जागी माणसाच्या जिवाला धोका आहे तिथे त्याला परत ढकलायचं नाही, असा नियम आहे. देशादेशांनी त्याखाली सह्या केल्यात. तुमच्याही."

"आमच्याही?" वहिनींना हे नवीन होतं. "कुणी लिहिला तो?"

"पुष्कळ जणांनी मिळून. फार वर्षं झाली. मोठं युद्ध होऊन गेलं होतं. जहाजंच्या जहाजं भरून माणसं बंदरोबंदरी फिरली होती आणि कुणीच त्यांना उतरू दिलं नव्हतं. ते ज्यांनी बघितलं होतं, ते मग एका टेबलाभोवती बसले."

"त्यांच्यातलं आहे का कुणी आता?"

"बहुतेक कुणीच नसेल."

"आणि तरी ती नौका थांबलीय?"

फोनवरच्या बाई म्हणाल्या, "नेहमी थांबत नाही हो. खूपदा नाही थांबत. पण आज थांबलीय."

वहिनींनी फोन खाली ठेवला आणि खिडकीतल्या चार बोटं समुद्राकडे बघत बसल्या. त्यांना फार नवल वाटत होतं, आणि ते लपवावं असंही वाटत नव्हतं. कुणी कोण माणसं, कुठल्या भाषेत बोलणारी, केव्हाची गेलेली. त्यांना हे बंदर ठाऊक नव्हतं, भावोजी ठाऊक नव्हते, हे म्हातारेबुवा तर तेव्हा जन्मलेलेही नसतील. त्यांनी एका खोलीत बसून एक वाक्य लिहिलं आणि आज त्या वाक्याने बंदुका लावलेली पोलादी नौका भर समुद्रात अडवून धरली. आणि इथे आपल्या बंदरात, अक्षरशत्रू म्हाताऱ्यांनी एक बोट बुडाल्यावर दुसरं वाक्य केलं. दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, पण बोलणं एकच होतं. वहिनींनी नकळत हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरेपर्यंत मसुदा काही झाला नाही. नौकेचा कप्तान दोनदा विचारून थकला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बंदर, माझं इंधन संपत आलंय. माणसं तुमची." आणि नौकेने तोंड फिरवलं. साहेब खुर्चीत मटकन बसले. वरून निरोप आला होता : आणा एकदाची, मग बघू. त्यांनी घाम पुसला आणि वहिनींच्या डब्यातली अर्धी पोळी न विचारता खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला धाकट्या दिराला हाक मारली तेव्हा बोट जवळ आली होती. आवाज लख्ख ऐकू आला.

"सव्वीस," तो म्हणाला. बस, एवढंच. 'सगळी धड' म्हणाला नाही. जागरणाने विसरला असेल, असं वहिनींनी मनाशी म्हटलं आणि माणसं घेतली. मग वायरलेस शेजारच्या कारकुनाच्या हवाली करून, असल्या कामासाठी पहिल्यांदाच, त्या जिना उतरून धक्क्यावर गेल्या.

तिथे जत्राच भरली होती. निळ्या जाकिटांचं एक टेबल, पिवळ्यांचं दुसरं, गणवेशवाल्यांचं तिसरं, डॉक्टरांचं चौथं. प्रत्येक टेबलावर वेगळा रकाना, वेगळा शिक्का. पुढे त्या माणसांचं काय झालं ही मोठी हकीकत आहे. काहींना राहायला मिळालं. दोघांना दुसऱ्याच देशाने आपल्याकडे ओढलं, कारण त्यांच्या बोटांचे ठसे तिथे आधीच घेतलेले होते, आणि पहिला ठसा जिथला, अर्ज तिथला. एकाचं अजून चाललंच आहे. वहिनींची चौकशी झाली आणि चौकशी करणाऱ्यालाच सोडायचा शब्द सापडला नाही. पण ते सगळं नंतरचं.

बोट लागली. माणसं उतरू लागली. पाय जमिनीला लागला की थोडी डगमगत, मग एकमेकांना धरत. वहिनी एकेक चेहरा बघत होत्या. दीर केबिनच्या दाराशी उभा होता. अंगात कोट नव्हता.

"म्हातारेबुवा कुठायत?" वहिनींनी विचारलं.

त्याने मान वळवून आत दाखवलं. आत जाळ्यांच्या ढिगावर म्हातारा निजवला होता, दिराच्या कोटात गुंडाळलेला. डोकं लेकीच्या मांडीवर.

"पहाटे गेले," दीर म्हणाला.

"मग सव्वीस का सांगितलेत?"

"वहिनी, माणूस बोटीवरच होता की. गेला म्हणून काय समुद्रात उतरवून आलोय त्याला?" त्याचे डोळे भरून आले. "पंचवीस म्हणायला तोंड उघडलं होतं. नाही म्हणवलं."

आता टेबलांची पंचाईत झाली. बचाव केंद्राचं काम जिवंत माणसापुरतं. परराष्ट्र खात्याला प्रश्न पडला, हा देशात आला म्हणायचा की नाही? संस्थेची मुलगी खरोखर रडवेली झाली होती, पण आश्रय मागायचा तर मागणारा असावा लागतो. डॉक्टरने विचारलं, मृत्यू कुठल्या हद्दीत झाला? यावर सगळे त्या एकीवर एक चढलेल्या हद्दींच्या पाण्याकडे बघू लागले. कोण जाणे, कुणीतरी म्हणालंच असतं की पलीकडे कळवा, नेतील.

बंदरसाहेब इतका वेळ एका बाजूला उभे होते. ते वहिनींजवळ आले. हळूच म्हणाले, "बाई, हजेरीत किती?"

"सव्वीस, साहेब."

साहेब टेबलांकडे वळले. वरिष्ठांचा फोन आल्यावर उभे राहतात तसेच उभे होते, पण आता फोन नव्हता. "बंदराने सव्वीस घेतलीत," ते म्हणाले. "सव्वीसच उतरतील. हद्द नंतर शोधा."

तेव्हा वहिनी पुढे झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर चढल्या. लेकीने बापाचे खांदे घट्ट धरून ठेवले होते आणि ती कुणालाही जवळ येऊ देत नव्हती. संस्थेच्या दुभाष्याने बाहेरून तिला सांगितलं की सगळ्यांना उतरायची परवानगी आहे. तिने वर पाहिलं. दुभाष्याकडे नाही, वहिनींकडे. काहीतरी विचारलं, अगदी थोडक्यात.

"काय म्हणतेय?" वहिनींनी विचारलं.

दुभाषी दारातून आत वाकला. "म्हणतेय, हेसुद्धा?"

"हो, बाळा," वहिनी म्हणाल्या. "तेसुद्धा." आणि दुभाषी ते तिच्या भाषेत सांगेपर्यंत त्यांनी वाकून म्हाताऱ्याचे पाय उचलले.